चौदाव्या धड्याच्या पंधरा ओळी

बूथ सोळा. त्यांतले चालू तेरा. तेरांपैकी अकरांत रेकॉर्डिंग होत होतं, दोनांत फक्त ऐकता येत होतं. हेडफोन बारा, त्यांतल्या तिनांचा डावा कान मुका. टेपची स्पूल सत्तेचाळीस, त्यांतली नऊ तुटून जोडलेली. सगळे बूथ जोडलेलं कन्सोल एक, एअर-कंडिशनर एक. दार एक, जाड, कडेला रबर लावलेलं, आतलं हँडल तुटलेलं. खिडकी एकही नाही.

ही यादी मी रुजू झालो त्या दिवशी केली होती. विभागप्रमुख पांढरीपांडे मॅडमनी ती उभ्याउभ्याच वाचली.

"खिडकी नाही हे कशाला लिहिलं?"

"जे होतं ते लिहिलं, मॅडम. मग जे नव्हतं तेही लिहिलं."

"विज्ञानवाला आहेस," त्या म्हणाल्या आणि सही केली.

हे १९९६ सालातलं, नागपूरचं. मी वर्ध्याहून इलेक्ट्रॉनिक्सची बी.एस्सी. करून आलो होतो. एका कॉलेजच्या फ्रेंच विभागात वीस वर्षं जुनी भाषा-प्रयोगशाळा होती, तिची मशिनं चालू ठेवण्याचं काम मला मिळालं होतं. सराव कसा चाले ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टेपच्या वरच्या पट्टीवर शिक्षकाचा आवाज असे. एक ओळ, मग चार सेकंद मोकळी जागा. त्या जागेत विद्यार्थ्याने तीच ओळ म्हणायची. त्याचा आवाज खालच्या पट्टीवर उतरे. नंतर दोन्ही पट्ट्या एकत्र ऐकल्या की आपलं कुठे चुकलं ते कळे.

दार लागलं की ते फक्त बाहेरूनच उघडे. आत भिंतीवर एक बटण होतं, ते दाबलं की बाहेर लाल दिवा लागे, आणि बाहेर जो असेल तो दार उघडे. दुपारच्या वेळी बाहेर असत ते इंगोले मामा.

मामा म्हणजे वृंदा काळमेघचे मामा. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. वृंदा दर्यापूरची, एम.ए. करून मामांकडे राहून फ्रेंच शिकत होती. मामा तिला रोज अडीचला स्कूटरवर आणत आणि पाचपर्यंत बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसत. दार उघडताना त्यांचा रोजचा प्रश्न ठरलेला होता.

"काय गावंडे, आमची पोरगी आज किती बोलली? की नुसतं गुळण्या करून राहिली?"

"चाळीस मिनिटं बोलल्या, मामा."

"घरी एवढं बोलत नाही बाप्पा. तिले दोन माणसांत बसवलं की हो आणि नाही. इथं मशीनपुढं चाळीस मिनिटं!"

वृंदा हसायची नाही. वही छातीशी धरून स्कूटरकडे जायची.

तिचं काय अडलं होतं ते विभागात सगळ्यांना माहीत होतं. फ्रान्समधल्या एका शाळेत वर्षभर इंग्रजी शिकवायला मदतनीस म्हणून जायचं, त्यासाठी तिने अर्ज केला होता. निवड व्हायची होती वीस मिनिटांच्या एका कॅसेटवर. कॅसेट एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी रेकॉर्ड करून शनिवारच्या कुरिअरने दिल्लीला जायला हवी होती. इकडे अकोल्याचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या घरून होकार होता. तिचे वडील होकार द्यायला निघालेच होते, पण मामांनी त्यांना शब्द दिला होता: पोरगी शिकायलाच जाते, दुसरं काही नाही, निवड झाली तर तिला जाऊ द्या, नाही झाली तर मीच पत्रिका छापून आणतो. म्हणजे तिच्या बाजूने एक कॅसेट आणि एक मामा, इतकंच होतं.

मला फ्रेंच येत नव्हतं. पण दुरुस्तीसाठी तीच ती टेप मी इतक्यांदा ऐकत असे की ओळी तोंडात बसल्या होत्या. अर्थ नंतर कळले. मॅडमचा एक जुना शब्दकोश कन्सोलच्या खणात पडलेला असे, तो मी वाचायला लागलो.

एप्रिलच्या मध्यात चौदाव्या धड्याचं स्पूल गेलं. टेपवरचा लेप सुटून मशीनच्या हेडला चिकटला होता. चौदावा धडा म्हणजे भावगीतासारख्या बारा ओळी, सगळ्या प्रेमाच्या, पुरुषाच्या आवाजात. वृंदा कॅसेटवर त्याच वाचणार होती.

"आता कोणाच्या आवाजात करायचं?" मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. "म्हण बरं पहिली."

"तों नों ए त्यून लांप दां मा शांब्र," मी म्हटलं. तुझं नाव माझ्या खोलीतला दिवा आहे.

मॅडमनी ती पुन्हा एकदा म्हणायला लावली. "माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरं आहे. कर रेकॉर्ड."

अशी ती टेप माझ्या आवाजात झाली. वृंदाने पहिल्याच दिवशी ती ऐकली आणि मॅडमना वाचून दाखवली. मी कन्सोलवर होतो.

"उच्चार स्वच्छ आहेत," मॅडम म्हणाल्या. "पण तू हे कोणालाच म्हणत नाहीस, वृंदा. यादी वाचावी तसं वाचतेस. 'ला मेर म पार्ल द त्वा.' समुद्र माझ्याशी तुझ्याबद्दल बोलतो. कोणाबद्दल?"

"मी समुद्र पाहिला नाही, मॅडम."

"समुद्र नको पाहूस. ज्याला सांगायचं त्याला पाहा."

वृंदाने मान खाली घातली. मग हेडफोन काढून ठेवताना माझ्याकडे वळून म्हणाली, "गावंडे, तुमचा आवाज मशीनमध्ये वेगळा वाटतो."

"वेगळा म्हणजे?"

"घाबरत नाही."

तीन महिन्यांत ती माझ्याशी आपण होऊन एवढंच बोलली. माझं तर त्याहून कमी होतं. तिच्याशी बोलायला गेलं की हेडफोन, प्लग आणि आवाजाची पातळी यांपलीकडे मला मराठीत एक शब्द सुचत नसे. सुचले तरी ते वर्ध्याचे, घरचे, सगळ्यांचे वाटत. फ्रेंच शब्द कोणाचेच नव्हते. ते मी एकेक शोधून काढले होते, रेझिस्टर निवडावेत तसे.

रेकॉर्डिंगच्या आठवड्यात, मंगळवारी, मी चौदाव्या धड्याची एक वेगळी प्रत केली. बाराव्या ओळीनंतर आणखी तीन ओळी, माझ्या. प्रत्येकीपुढे चार सेकंद जागा. हे स्पूल बुधवारी फक्त बूथ अकरावर लावलं. तो तिचा बूथ.

तेरावी: कां त्यू पार, ता व्वा रेस्त इसी. तू गेलीस की तुझा आवाज इथेच राहतो.

चौदावी: ज रेपार स क त्यू तूश. तू ज्याला हात लावतेस ते मी दुरुस्त करतो.

पंधरावी: ज तेम, ए ज म ते. माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि मी गप्प आहे.

बुधवारी ती तेच स्पूल पुन्हा पुन्हा मागे नेत तासभर बसली. मी कन्सोलवर होतो, अकरा नंबरचं बटण दाबलं असतं तर सगळं ऐकू आलं असतं. दाबलं नाही. ती उठली तेव्हा चेहरा रोजच्यासारखाच होता. जाताना म्हणाली, "स्पूल काढू नका. उद्याही हेच लागेल."

ती गेल्यावर मी ते स्पूल दोनदा हातात घेतलं आणि दोनदा परत चढवलं.

गुरुवारी उन्हाचा पारा चव्वेचाळीसला होता. मॅडम विद्यापीठात मीटिंगला गेल्या होत्या, पाचला परत येणार होत्या. शिपाई निवडणुकीच्या ड्यूटीवर. अडीचला वृंदा आली, आणि तिच्यामागे मामाही आत शिरले.

"आज बाहेर बसवत नाही, गावंडे. बाक तापून राहिला, तव्यासारखा. तुझ्या थंड हवेत बसतो घटकाभर."

"मामा, दार..." मी म्हणालो.

दार त्यांच्यामागे लागलं. रबराचा तो 'फस्' आवाज झाला.

"आता?" वृंदा म्हणाली.

"आता बाहेर कोणी नाही," मी म्हटलं. "मॅडम येईपर्यंत बसावं लागेल. मी स्क्रूड्रायव्हरने प्रयत्न करतो."

"बसू," मामा म्हणाले. "पाटचाऱ्यांत तीस वर्षं काढली, इथं तर एसी आहे."

मी दारापाशी गुडघ्यावर बसलो आणि हँडलच्या जागी स्क्रूड्रायव्हर घातला. वृंदा कन्सोलजवळच्या माठातून पाणी घेत होती. मामा बूथांमधून फिरत होते. "हे तुझं का, वृंदे? अकरा नंबर?" आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. जेव्हा पाहिलं तेव्हा त्यांनी हेडफोन चढवले होते आणि स्पूल फिरत होतं.

मी उठू शकलो असतो. काही सांगून ते बंद करता आलं असतं, मशीन गरम झालंय म्हणून. पण स्क्रूड्रायव्हर हातात धरून मी तसाच बसून राहिलो. वृंदाच्या हातातला ग्लासही तसाच होता. आम्हाला दोघांना मामांची फक्त पाठ दिसत होती. खादीचा शर्ट, घामाने मधोमध भिजलेला. आधी ती पाठ आरामात टेकलेली होती. मग सरळ झाली.

त्या बंद खोलीत सगळ्यांना ऐकू येईल असा एकच आवाज होता, एअर-कंडिशनरचा.

स्पूल संपलं. टेपचं शेपूट फटफट वाजायला लागलं. मामांनी हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवले.

"गावंडे, आवाज तुझा आहे ना?"

"हो."

"आणि हिचा."

"हो, मामा. तो धडा आहे. जुनी टेप खराब झाली म्हणून मॅडमनीच मला..."

"मले फ्रेंच येत नाही," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पण 'ज तेम' कळते. आमच्या काळच्या हिंदी सिनेमानं तेवढं शिकवलं. आणि एक माणूस आन् एक बाई एकमेकांशी बोलून राहिले, हेही कळते."

"मामा, सरावच तसा असतो," वृंदा म्हणाली. "मशीन बोलतं, मग आपण बोलायचं."

"पुस्तक दे."

तिने दिलं. मामांनी चौदावा धडा काढला. मला मशीन पुन्हा लावायला सांगितलं, एक कान हेडफोनला लावला आणि माझ्या प्रत्येक ओळीला पुस्तकातल्या ओळीवर पेन्सिलीने टिंब देत गेले. बारा टिंबं झाली. पेन्सिल पानाच्या खाली कोऱ्या जागेवर आली आणि तिथे तिने आणखी तीन टिंबं दिली.

"पुस्तकात बारा. टेपवर पंधरा." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आयुष्यभर ठेकेदारांची मोजमाप-पुस्तकं तपासली मी. जास्तीचं काम कुठं घुसवतात ते मले दिसते."

मग ते वृंदाकडे वळले.

"वृंदा, या तीन ओळींचं तुला माहीत होतं?"

तिने तोंड उघडलं. ती काय म्हणणार होती ते मला आजही माहीत नाही, कारण मीच बोललो.

"नव्हतं. त्या मी लिहिल्या. त्यांना न सांगता घातल्या. मशीन जे म्हणेल ते म्हणायची सवय असते, त्यांनी तेच म्हटलं. त्यांचा यात काही संबंध नाही."

"हे तू म्हणतोस."

"हो."

"मी तिच्या बापाले शब्द दिला आहे, गावंडे. आज घरी जाऊन मी फोन करीन. काय सांगू? मशीनवाला म्हणाला म्हणून?" ते थांबले. "ठेकेदाराच्या तोंडावर मी कधी बिल पास केलं नाही. आन् आज या पोरीसाठी डोळे मिटले, तर उद्या तिकडे हजारो मैलांवर काय चाललं असंल याचा विचार करत मी म्हातारा मरीन. शुक्रवारचं रेकॉर्डिंग राहू दे. अकोल्याले होकार जाऊ दे."

वृंदा म्हणाली, "मामा." एवढंच.

तेव्हा मला जे सुचलं ते फक्त मलाच सुचलं असतं. त्या क्षणी ते मला अगदी बरोबर वाटलं.

"मोजता येईल," मी म्हणालो.

"काय?"

"टेप सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटर धावते. माझी ओळ जिथे संपते तिथे टेपवर खूण करायची. त्यांची जिथे सुरू होते तिथे दुसरी. मधलं अंतर फूटपट्टीने मोजायचं. माणूस नुसता सराव करत असेल तर प्रत्येक वेळी साधारण सारखंच अंतर येतं, सहा सेंटीमीटरच्या आसपास. मी शेकडो टेपा ऐकल्यात. पण ओळ कळून, विचार करून म्हटली असेल तर अंतर वाढतं. आणि पुढे काय येणार हे आधीच माहीत असेल तर माणूस माझी ओळ संपायच्या आधीच सुरू करतो. मग अंतर उणे येतं. बारा ओळी पुस्तकातल्या, तीन माझ्या. सगळ्या सारख्या आल्या, तर त्यांना काही माहीत नव्हतं."

मामा माझ्याकडे बघत राहिले. मोजमापाची गोष्ट निघाल्यावर त्यांचा चेहरा थोडा बदलला, ओळखीचं कोणी भेटल्यासारखा.

"आणि सारख्या नाही आल्या तर?"

"तर नाही आल्या," मी म्हणालो. मला खात्री होती. ती रोजच्यासारखाच चेहरा घेऊन उठली होती.

वृंदाने ग्लास खाली ठेवला. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबलो असतो.

"आमच्यात एक पद्धत असते," मामा म्हणाले. "एक जण टोक धरतो, एक आकडा वाचतो, एक लिहितो. टोक धरणारा ठेकेदाराचा, वाचणारा खात्याचा. दोघंही एकमेकांवर नजर ठेवतात, म्हणून लिहिणाऱ्याला वाकून पाहावं लागत नाही. तू खुणा कर. वृंदा वाचेल. तुझं खरं ठरलं तर तिचं भलं आहे, तरी मला पाहू दे ती कशी वाचते. मी लिहितो."

बूथ अकरात दोनच माणसं मावत. मधे भोकांच्या बोर्डाची भिंत. मामा पलीकडे बूथ बारात बसले, खिशातली डायरी काढली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. "हं."

मी हेडफोन घातले. एका हाताने स्पूल पुढेमागे हलवत माझ्या ओळीचा शेवट शोधायचा, पांढऱ्या पेन्सिलीने रेघ ओढायची, मग खालच्या पट्टीवर तिचा पहिला श्वास संपून अक्षर फुटतं ती जागा. हळू फिरवलं की माणसाचा आवाज गुरगुरल्यासारखा येतो. मग टेप ओढून फूटपट्टीवर सपाट धरायची.

"सहा," वृंदा म्हणाली.

"सहा," पलीकडून मामा.

"साडेपाच."

"साडेपाच."

"सहा पूर्णांक चार."

तिचं वाचन स्वच्छ होतं. मॅडम म्हणत तसंच, यादी वाचावी तसं. दहावी ओळ, अकरावी, बारावी. पाच आणि सातच्या बाहेर एकही आकडा गेला नाही. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता, पण मनात मी जिंकत चाललो होतो. पद्धत बरोबर होती.

तेरावी ओळ. माझा आवाज: ता व्वा रेस्त इसी. खूण केली. मग स्पूल हलवत गेलो. सहा सेंटीमीटर गेले, तिथे काही नव्हतं. आठ. दहा. टेपवर खुर्ची करकरल्याचा आवाज. मग एक श्वास, आत घेतलेला आणि तसाच धरलेला. मी स्पूल हलवत राहिलो. मग ती बोलली. हळू फिरणाऱ्या टेपवरही तो यादीचा आवाज नव्हता.

मी खूण केली. टेप फूटपट्टीवर ठेवली. ती वाकली. तिने पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतक्या जवळून मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते.

पलीकडे पेन्सिल थांबलेली होती.

मला म्हणता आलं असतं: मामा, माझी पद्धत चुकीची आहे. पण मग काय उरलं असतं? मीच बांधलेल्या पिंजऱ्यात मीच तिला आणून बसवलं होतं, आणि आता दार फक्त तिच्या हातात होतं. ते ती कसं उघडणार हे मी सांगू शकत नव्हतो. मी फक्त टेप सरळ धरली.

"सहा पूर्णांक दोन," वृंदा म्हणाली.

"सहा पूर्णांक दोन."

चौदाव्या ओळीला ती पट्टीकडे पाहून लगेच म्हणाली, "साडेपाच." आवाज तोच, स्वच्छ.

पंधरावीला मला वेळ लागला. मी तीनदा मागेपुढे केलं, कारण आधी मला वाटलं खूण चुकली. चुकली नव्हती. मी टेप पट्टीवर ठेवली. वृंदाने आपलं बोट दोन खुणांच्या मधे टेकवलं आणि काही क्षण तसंच ठेवलं. मी डोळे उचलले तर ती पट्टीकडे बघतच नव्हती.

"सहा," ती म्हणाली.

"सहा," मामा म्हणाले, आणि लिहिलं.

मग बोर्डापलीकडून एक आवाज आला. पान उलटल्याचा. मामा उठून आमच्या बूथच्या तोंडाशी आले. मी तोवर पांढऱ्या खुणा अंगठ्याने पुसल्या होत्या. त्यांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. तो पांढरा झाला होता.

"पंधरा मोजमापं," ते म्हणाले. "सगळी पाच ते सातच्या मधे. तीस वर्षांत इतकं एकसारखं काम एकाही ठेकेदारानं मला करून दाखवलं नाही."

मी स्पूल मशीनवरून उतरवलं.

"पास केलं," मामा म्हणाले. त्यांनी डायरीतलं ते पान फाडलं, घडी करून खिशात घातलं. "वृंदाचं काम पास केलं. तुझं नाही. मुलीला न विचारता तिच्या तोंडी आपले शब्द घालणारा माणूस मला चालत नाही, गावंडे. फ्रेंच असो की मराठी. उद्याचं रेकॉर्डिंग मॅडम करतील, मशीन त्यांनाही चालवता येते. तू नसशील."

"नसेन."

"आणि हे पुसून टाक. माझ्यासमोर."

पुसायचं यंत्र कन्सोलखाली होतं, इस्त्रीएवढं, चुंबकाचं. मी स्पूल त्यावर ठेवलं आणि सांगतात तसं गोल गोल फिरवत लांब नेलं. वृंदा भिंतीला टेकून उभी होती. एकदाच बोलली, मामांना.

"मला एकदा ऐकता आलं असतं."

"काहून?" मामा म्हणाले.

"उच्चार तपासायला."

 माझा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा फिरायला लागला.

पाच वाजून दहा मिनिटांनी मॅडमनी दार उघडलं. "अरे, तिघंही अडकलात? किती वेळ?"

"दोन तास चाळीस मिनिटं," मी म्हटलं.

बाहेरची हवा भट्टीसारखी होती. मामा स्कूटर काढायला गेले. वृंदा माझ्या बाजूने जाताना थांबली नाही, पण चाल थोडी मंदावली असं मला वाटलं. तेवढं मला मोजता आलं नाही.

मी त्याच संध्याकाळी घरचं कारण लिहून राजीनामा दिला. मॅडमनी एकदा वाचला, काही विचारलं नाही. जूनमध्ये त्यांचं पोस्टकार्ड वर्ध्याला आलं. वृंदाची निवड झाली होती. मॅडमनी लिहिलं होतं, शुक्रवारी तिने त्या बारा ओळी अशा वाचल्या की मला रेकॉर्डिंग थांबवून डोळे पुसावे लागले, आणि मग पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागलं. तिला कारण सांगितलं नाही. सप्टेंबरात ती गेली. मामाच विमानतळावर सोडायला गेले. त्यापुढचं मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि मला कोणी कळवलं नाही.

आता मी पुण्याला मोजमापाची उपकरणं तपासून प्रमाणित करतो. माझ्या सहीखाली चुकीचा आकडा जात नाही, अशी माझी ख्याती आहे. त्या दिवशी मामांच्या डायरीत पंधरा आकडे गेले, त्यांतले तीन चुकीचे होते, आणि ते दुरुस्त करायची सोय नाही. खरे आकडे मी कुठेही लिहिले नव्हते. इथे पहिल्यांदा लिहितो.

पहिल्या बारा ओळी: सरासरी सहा सेंटीमीटर.

तेरावी: एकोणीस सेंटीमीटर.

चौदावी: सत्तावीस सेंटीमीटर.

पंधरावी: उणे चार सेंटीमीटर.